कान-डोळे बंद

सालातिगा गावच्या बाजारामागे पांबुडीचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे; सगळे त्याला ‘मास’, म्हणजे दादा, म्हणतात. दारावर त्याने स्वतः रंगवलेली पाटी होती: ‘लॅपटॉपचे कान-डोळे बंद करून मिळतील. फुकट.’ परक्या कंपन्या आपल्या घरात डोकावतात याची त्याला मनापासून चीड. त्यासाठी त्याच्याकडे एक छोटं सॉफ्टवेअर होतं. त्यात खटक्यांची लांबलचक रांग: ठावठिकाणा, जाहिराती, टेहळणी, माईक, कॅमेरा. तळाशी ‘सगळं बंद’ असं एक बटण. तत्त्वनिष्ठ माणसाला तेवढं पुरे होतं. वरची रांग त्याने कधी वाचली नाही.

शेजारच्या बु, म्हणजे काकू, लास्तिनी शेंगदाण्याच्या कुरकुरीत चकत्या तळून विकायच्या. त्यांची मुलगी वेनिंग आईचा शब्द मोडून तैवानला म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला गेली. जाताना लॅपटॉप ठेवून गेली. रविवारी तिच्या व्हिडिओ कॉलने तो वाजला की हिरवं बटण दाबायचं, एवढीच विद्या बुंना अवगत होती. यंत्र रेंगाळतं म्हणून त्यांनी ते पांबुडीकडे आणलं. त्याने ते साफ केलं, आणि रिवाजाप्रमाणे कान-डोळेही बंद केले.

काही दिवसांनी बु तळलेली केळी घेऊन आल्या.

“मास, माझा आवाज हल्ली बारीक झालाय का हो?”

“छे! मिरचीवाल्याशी घासाघीस करता ती मशिदीपर्यंत ऐकू येते.”

“लांबच्याला पोचत नसेल.”

“आल्याचं पाणी घ्या, बु.”

पुढच्या खेपेला पुन्हा केळी. “म्हातारपणी चेहरा काळवंडतो का हो? समोरच्याला दिसूच नये इतका?” पांबुडीने दोन केळी संपवली आणि त्या अजून पोरसवदा दिसतात असा निर्वाळा दिला.

सालातिगात तक्रार अशीच करतात. ‘तुम्ही बिघडवलंत’ असं तोंडावर म्हणायचं नसतं. ज्याचं त्याने ओळखायचं असतं. पांबुडी त्याच गावचा. तरी तो केळ्यांना आभार समजला.

तिसऱ्या खेपेला केळी नव्हती, लॅपटॉप होता.

“याला गिऱ्हाईक बघा. वेनिंगला वाटतं मी अबोला धरलाय. ‘आई, अजून राग गेला नाही?’ म्हणून रडायची. मी इकडून घसा फोडतेय, ‘नाही गं, नाही.’ तिला ऐकूच जात नाही. आता तर तिने कॉल करणंच सोडलं.”

आमच्याकडे रागावलेली आई ओरडत नाही, बोलणं टाकते. वेनिंगने काढला तो अर्थ कोणत्याही लेकीने काढला असता.

पांबुडीने खटक्यांची रांग प्रथमच वाचली. माईक, बंद. कॅमेरा, बंद. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याने दोन्ही चालू केले आणि तिथूनच वेनिंगला कॉल लावला.

“आई? दिसतेस तू! बोल ना काहीतरी.”

“जेवलीस का?” बु म्हणाल्या.

मग वेनिंगने विचारलं, “झालं तरी काय होतं त्याला?”

“ते... मीच...” पांबुडीने सुरुवात केली.

“जुनं झालंय गं ते,” बु मध्येच म्हणाल्या. “मास पांबुडींनी दुरुस्त केलं. फार गुणी माणूस.”

“उपकार झाले, मास!”

बिघाड त्याच्याच हातचा, हे बुंना पहिल्या केळ्यापासून ठाऊक होतं. त्यांनी चारचौघांत शिवी हासडली असती तर त्याला निदान मान वर करता आली असती.

पाटी त्याने उतरवली. कोणी विचारलंच तर म्हणतो, “करून देतो, पण बसा. एकेक खटका वाचू. तुम्ही कोणाशी बोलता ते आधी सांगा.” गिऱ्हाईकं वैतागतात, भोचक म्हणून त्याची आता ख्याती आहे. बुंची केळी अजून येतात. नाही म्हणणं उद्धटपणाचं, म्हणून तो खाली बघत सगळी खातो.