झोळीतल्या भाकऱ्या

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. महाळुंगे पडवळला आमच्या रानात कांद्याची लागवड चालू होती. रोपं लावायला डोंगराकडची माणसं आली होती. त्यातल्या एकीनं आपली तान्ही मुलगी आंब्याला बांधलेल्या झोळीत निजवली होती आणि ती रानाच्या पार दुसऱ्या टोकाला रोपं लावत होती. तेवढ्यात गोवराच्या लसीची पेटी घेऊन सिस्टर बांधावरून आली.

“भाऊ, लसीचं लहान पोर हाय का कुणाचं?”

“न्हाई ताई,” मी म्हणालो.

“मग झोळीत काय?”

“भाकऱ्या. खाली ठेवल्या की मुंग्या लागत्यात.”

“लई जपता राव भाकरीला!” ती हसत पुढे गेली.

लस दिली की पोराला ताप येतो, आई त्याच्याजवळ बसते आणि उपटून ठेवलेलं रोप सुकून जातं, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं.

पुढच्या लागवडीला मुलगी चालत आली, पण हाक मारली तरी वळेना. गोवर झाला आणि कान गेले, तिची आई म्हणाली. “आमच्या वाडीला रस्ता न्हाई भाऊ, सिस्टर पोचतच न्हाई.” मी रोपांची पेंढी तिच्या पुढ्यात ठेवली.

लस मिळाली असती तर कान वाचले असते का? की पुढचा डोस चुकलाच असता? कुणाला विचारावं तेही कळत नाही. कधी वाटतं, दोष रस्त्याचाच. मग ती झोळी आठवते.

सिस्टर पोचली होती आणि मीच तिला परत पाठवलं, हे त्या आईला सांगायचं माझ्याकडे अजून बाकी आहे.