मालनबाईच्या पोत्याची गाठ

नगरला माळीवाड्याच्या मागं रंभाजीशेठचं रद्दीचं गोदाम होतं. बायका सकाळी घरोघरी, दुकानोदुकानी हिंडून रद्दी आणायच्या आणि दुपारी तिथं बसून निवडायच्या. निवडण्यात छबूबाईचा हात धरणारी कुणी नव्हती. भज्यांचा तेलकट कागद, खरकटा कागद, मेणाचा कागद, नुसत्या बोटांना कळायचा तिच्या. असला कागद गेला की पुठ्ठ्याच्या कारखान्यात सगळा लगदा नासतो. म्हणून दाराजवळच्या उजेडात बसून बाकीच्यांची पोती तपासायचं काम आज ना उद्या आपल्याकडंच येणार, हे ती धरून चालली होती. ते काम करणारी म्हातारी आक्काबाई लेकीकडं राहायला गेली आणि जागा मोकळी झाली.

नेमकी तेव्हाच ही मालनबाई उपटली. कर्जतकडची, दुष्काळात गाव सोडून आलेली, पुरतं शहरसुद्धा न पाहिलेली पोर. पण तिच्या पोत्यात निवडायला काही नसायचंच. शेठ पोतं ओतायचा, कोरडे खडखडीत कागद बघायचा आणि सगळ्यांदेखत म्हणायचा, "याला म्हणायचं माल." छबूबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एका सकाळी ती मालनबाईच्या मागं मागं गेली. बघते तर काय, बयेनं घरोघरी स्वयंपाकघराच्या दाराला तारेचा आकडा लावून दिलेला. "वैनी, रद्दी हितं अडकवा, खरकट्यात टाकू नका," एवढं गोड बोलायची आणि बायका ऐकायच्या. झालं. आपण सारा जन्म घाण उपसत बसलो आणि ही घाण येऊच देत न्हाई, हे छबूबाईला इतकं झोंबलं, की त्या दिवशी भाकरी तिच्या घशाखाली उतरली नाही.

"गाडी भरायच्या दिवशी ज्याचं पोतं चोख, त्याची दारातली जागा," शेठनं सांगून टाकलं होतं. त्या दिवशी मालनबाई पाणी प्यायला उठली. गोदामात पोत्यांची तोंडं उघडीच असायची, कोण कुणाचं काय नेणार? छबूबाईनं हलवायाकडचे जिलबीचे तेलकट कागद चुरगळून एकच बोळा केला आणि तिच्या पोत्यात पार तळाशी कोंबला. बरं वाटलं तिला. खोटं कशाला सांगा, लई बरं वाटलं.

पण गाडीबरोबर कारखान्याचा माणूस आला. "मागचा माल खराब निघाला, शेठ. आज एका पोत्यात जरी तेलकट सापडलं, तर तुमचा माल कायमचा बंद."

छबूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. माल बंद म्हणजे गोदाम बंद, म्हणजे सगळ्यांच्या चुली बंद, तिचीसुद्धा. एकेक पोतं बघत तो माणूस मालनबाईच्या पोत्यापाशी आला, तशी छबूबाई उठली.

"थांबा सायेब, म्या बघते."

खांद्यापर्यंत हात घातला आणि जिलबीचा बोळा बाहेर काढला. "हा एक ऱ्हायला हुता. आता चोख हाय."

त्या माणसानं स्वतः पोतं उपसून पाहिलं. दुसरं काही निघालं नाही. तो हसला. "असा हात असल्यावर आमची तक्रार नाही." शेठही खूश. "छबूबाई, उद्यापासून तू दारात बस."

बायका कौतुक करत होत्या. मालनबाई तेवढी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "छबूआक्का, वरचे कागद तुमी चाळलेच न्हाईत. सरळ तळाला हात घातला."

पण मालनबाई शेठकडं गेली नाही.

दुसऱ्या दिवशी छबूबाई दारातल्या उजेडात बसली. इतकी वर्षं हवी होती ती जागा. मालनबाई आली, पोतं ठेवलं, कमरेची सुतळी काढली आणि पाणी प्यायला जाताना पोत्याचं तोंड घट्ट बांधून गेली. त्या गोदामात आजवर कुणी पोतं बांधलं नव्हतं. बायका विचारायला लागल्या, हे काय ग नवीन? ती म्हणायची, "सवय हाय."

मग रोजच बांधायला लागली. दारातल्या उजेडात ती गाठ छबूबाईला चांगली दिसायची. आणि मेलीची गाठसुद्धा काय सुबक असायची.