वरून खाली मारलेली टेप

पत्रकात मी लिहिलं होतं ते असं: "ग्रामपंचायतीच्या वायरमनने सडकी केबल लावून गावाचा जीव धोक्यात घातला आहे. असा माणूस कामावर राहता कामा नये." त्यातला 'सडकी' हा शब्द जाड टाइपात. लिहिताना मी ती केबल उघडून पाहिलेली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझी बाजू घ्यायला येणार नाही.

आमचं गाव पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या काठाला. धरणाची दारं उघडली की नाल्याला उलटं पाणी चढतं आणि रस्ता बुडतो. त्याच वेळी लाईट जाते, लाईटमागोमाग मोबाईलचा टॉवर. म्हणजे ज्या दिवशी निरोप हवा, नेमका त्याच दिवशी गाव मुकं. यावर मी पत्रकं काढली, निवेदनं दिली, पोचपावत्यांची फाईल केली. शेवटी पवनीतले एक सर, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, वैतागून म्हणाले, "पत्रकानं निरोप पोचत नाही. हॅम रेडिओची परीक्षा दे." दिली. लायसन आलं. सरांचा एक जुना सेट बुद्धविहारातल्या टेबलावर बसला, लाईट-टॉवरशिवाय बॅटरीवर बोलणारा, आणि विहाराच्या गच्चीवर पाइपाला अँटेना.

पाइप उभा करणं, केबल ओढणं, क्लॅम्प ठोकणं हे सगळं पंचायतीच्या कंत्राटी वायरमनने केलं, एक पैसा न घेता. गावातले दिवे, नळाची मोटर, शाळेचे पंखे तोच बघतो. पन्नाशीचा माणूस, बोलणं कमी. केबलचा प्लग अँटेनाला जोडून झाल्यावर तो म्हणाला, "टेप मी मारतो, पोरी." मी नको म्हटलं. सरकारी कामातली टेप मी पाहिली होती. चार वेढे मारतील आणि उतरतील. मी शिडीवर चढले आणि पावसापासून सांधा झाकायला टेप स्वतः मारली.

झडीच्या चौथ्या दिवशी सेट बहिरा झाला. सरांचा आवाज नाही, माझा त्यांना नाही. मीटर दाखवत होता की पाठवलेली ताकद अँटेनातून बाहेर न पडता परत येते आहे. त्याच दुपारी धरणाची दारं उघडली. निरोप एका मोटारसायकलवाल्याने आणला, तोवर खालच्या टोलीच्या, म्हणजे नदीकडच्या वस्तीच्या, ओट्यांना पाणी लागलं होतं. म्हातारी माणसं खाटेसकट ट्रॅक्टरवर चढवली. कोणी गेलं नाही. पण माझं डोकं जळत होतं, आणि डोकं जळलं की माझा हात कागदाकडे जातो.

पत्रक छापून झालं, चार घरी वाटलं, आणि ग्रामसभेचा दिवस आला. वायरमनचं कंत्राट पुढे चालू ठेवायचं की नाही, हा तिथला विषय. सकाळीच सरपंच आमच्या दारात. "जयभीम, बाई." निवडून आल्यापासून हा त्यांचा मला पहिला जयभीम. "लय चांगलं लिवलं तुमी. गठ्ठा द्या ना, सभेत मीच वाटतो."

मी दिला. ते वळल्यावर आठवलं, की त्यांचा साळा वायरमनचा कोर्स करून घरी बसून आहे. माझं एकही पत्रक ज्या माणसाला कधी आवडलं नाही, त्याला हेच का आवडावं?

मी सरांना फोन लावला.

"केबल कापून पाहिलीस?"

"नाही सर, पण..."

"मग सडकी कशावरून?" त्यांनी फोन ठेवला.

वायरमनच्या घरी गेले तर पत्रक माझ्याआधी पोचलेलं. खाटेवर उलटं पडलं होतं.

"काका, वर चला. केबल उघडून पाहू."

"आता काहून? छापून त झालं."

"सभेच्या आत पाहायचं आहे."

"आन नाई निंगाली सडकी, त?"

मी उंबऱ्याशीच उभी राहिले. आतून त्याची बायको म्हणाली, "जा जी. नाईतर दारातच उभी राहीन दिवसभर. तिले काय घरी काम हाय?"

गच्चीवर भुरभुर चालू होती. त्याने माझी टेप चिरली, आणि प्लग फिरवताच आतलं पाणी त्याच्या तळहातावर सांडलं. आतलं पितळ हिरवं पडलेलं. त्याने केबल वीतभर कापली. तांब्याची जाळी काळी. आणखी वीतभर, अजून काळी. तिसऱ्यांदा कापली आणि तांबं नव्यासारखं चमकलं. ते टोक त्याने माझ्यासमोर धरलं.

"सडकी हाय का?"

मग माझ्या टेपचं वेटोळं बोटात फिरवत त्याने विचारलं, "कोन्तीकडून सुरू केली व्हती?"

"वरून."

"काहून?"

काहून, हे मलाही तिथेच कळलं. मी आयुष्यभर भिंतीवर पोस्टर लावली. वरची कड आधी दाबायची, मग हात खाली ओढत न्यायचा. शिडीवर माझा हात आपसूक तसाच चालला. प्रत्येक खालचा वेढा वरच्यावर चढला आणि प्रत्येक वेढ्याचं तोंड आभाळाकडे उघडं राहिलं. पाणी त्यात शिरलं आणि जाळीतून खाली झिरपत गेलं.

"तुयी माय छपरावर कवेलू कोन्तीकडून बसवते?"

"खालून."

"मंग? आन हे रबरी टेप ताणली नाई तुनं. ताणल्याबिगर एकजीव होत नाई थे."

तेवढ्यात पंचायतीचा भोंगा सुरू झाला. ग्रामसेवक विषय वाचत होते. वायरमनचा विषय चौथा. मी छत्री धरली, ओढणीने तांबं पुसलं, त्याने कथील वितळवून नवा प्लग झाळला. पहिला विषय मंजूर.

"छत्री हालवू नको."

केबल अँटेनाला जोडून त्याने रबरी टेप निम्म्या जाडीची होईपर्यंत ताणली आणि खालून वर चढवत नेली. त्यावर काळी टेप, तीही खालून. दुसरा मंजूर. मला धीर धरवेना.

"काका, तुमचा विषय येऊन राहिला. सभेत चला, हे मागून करू."

"अर्धं सोडून? उद्या पानी जाईन, आन तू परत लिवशीन."

त्याने केबलला खाली पोट ठेवलं, म्हणजे ओघळ तिथेच गळून पडावा. तिसरा विषय मंजूर झाला तेव्हा मी कापलेले तुकडे उचलले आणि जिना उतरून धावले.

सभेत प्रत्येकाच्या हातात माझा कागद होता. सरपंच माझंच वाक्य माईकवरून वाचत होते. माईक त्यांच्याकडे, म्हणून मी ओरडूनच सांगितलं, "ते खोटं आहे. टेप मी मारली होती, उलटी. केबल चांगली आहे." तुकडे ग्रामसेवकांच्या टेबलावर टाकले.

सरपंच हसले. "बाई, छापील हाय ना हे. खाली तुमचंच नाव हाय."

"नाव माझं आहे, म्हणून खोटंही माझंच."

मागून कोणीतरी म्हणालं, "म्हंजे सडकी टेपवालीच निंगाली," आणि सभा खदखदली. हसू द्या. हसण्यात हात वर झाले. कंत्राट राहिलं, थोडक्यात राहिलं.

विहारात परतले तेव्हा तो आपली एक्स्टेन्शन गुंडाळत होता. मी सेट लावला. सरांचा आवाज स्वच्छ आला, माझा त्यांना पोचला. कंत्राट राहिल्याचं मी त्याला सांगितलं. त्याने मान हलवली. "तुया सरले सांग, केबल तेच हाय," एवढं म्हणून निघून गेला.

काम त्याचं राहिलं, नाव राहिलं नाही. एखाद्या गल्लीतला दिवा गेला की लोक म्हणतात, सडक्या केबलवालाच तो. मी तेवढ्याच जाड टाइपात दुसरं पत्रक काढलं. ते कोणी वाचलं नाही. कबुली वाचण्यात कोणाला काय मजा? म्हणून आता घरोघरी जाऊन सांगते. परवा खालच्या टोलीत एका आजीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पन तूच लिवलं व्हतं ना वं? तू लिवलं, मंग खोटं कसं असन?"

मी तिच्या ओट्यावर बसले आणि पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लागले.