वंटमुरीच्या घाटात थांबलेली गाडी

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. विंचू, साप, शाळेची तपासणी, यातल्या कशालाच मी घाबरत नाही. मला भीती वाटायची ती आमची गाडी बंद पडेल याची. रोज, आठ-नऊ वर्षं.

गाडी लहानशी, दोन दारांची, पेट्रोलवर चालणारी. तिचं मागचं दार काचेसकट वर उघडायचं. ऐंशी सालाच्या आसपास बेळगावात याचं एवढं अप्रूप होतं की टिळकवाडीतले आमचे शेजारी पाहुण्यांना घेऊन यायचे आणि "जरा उघडून दाखवा की" म्हणायचे. नवऱ्यानं ती जुनी विकत घेतली आणि वर्षभरातच कंपनीनं ती गाडी काढायचं बंद केलं. पुढं त्याची रेल्वेत लोंढ्याला बदली झाली. तो शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. गाडी पडली माझ्या गळ्यात.

बंद झालेल्या गाडीचा सुटा भाग मिळत नाही, म्हणून आपण बदलतो. माझा कान बदलला. स्वयंपाक करताना, वर्गात शिकवताना, कुठं काही खरखरलं की मी हातातलं सोडून कान द्यायची. गावात असल्या आणखी दोन गाड्या होत्या. त्यांतली एखादी महिनाभर दिसली नाही की मी मालकाची चौकशी करायची. वरून काळजी, आतून आशा, की भंगारात घातली असेल तर तिचा डायनॅमो आपल्याला मिळेल. माझी गाडी दिसली नाही की तेही माझी अशीच चौकशी करायचे, आणि मला त्यांचा भारी राग यायचा.

आमचा मेस्त्री खडेबाजाराच्या मागच्या गल्लीत बसायचा. टाकीतलं पेट्रोल ओढून इंजिनाला देणारा एक छोटा पंप असतो, त्यात रबरी कापडाची एक गोल चकती असते. मेस्त्री तिला पडदा म्हणायचा. तो फाटला की इंजिनाला पेट्रोल मिळत नाही आणि गाडी आहे तिथं उभी राहते. नवा पडदा मिळवायला त्यानं हुबळी, कोल्हापूर पालथं घातलं आणि एक आणला. एकच. "हा शेवटचा, आक्का. आता घालून टाकू या," तो म्हणाला.

मी नको म्हटलं. आत्ता घातला आणि तोही फाटला, तर मग काय? जुन्याला जरासं सुरकुतलेपण आलं होतं, पण चालत होता. मी नवा पडदा पावडर लावून बिस्किटाच्या डब्यात ठेवला आणि डबा गाडीच्या मागच्या कप्प्यात. मेस्त्री मान हलवत म्हणाला, "रबर हाय आक्का त्ये. सोनं न्हवं." मला ते ऐकूच आलं नाही म्हणा ना. पुढची चार वर्षं त्या डब्याच्या जिवावर मी बिनघोर गाडी चालवली. बिनघोर म्हणजे माझ्या मानानं.

माझी आई निपाणीत एकटी राहायची. तंबाखूच्या वखारीत तिची उभी हयात गेली. ती धूळ खाऊन तिनं मला शिकवलं, आणि त्या धुळीनं तिची छाती गेली. आमच्या वस्तीत वखारीला न जाता कॉलेजला गेलेली पहिली मुलगी मी. गाडी चालवत आलेली तर पहिलीच. मी गल्लीत शिरले की आई ओट्यावरून उतरायची आणि मला 'ये' म्हणायच्या आधी पदरानं बॉनेट पुसायची. शेजारणी बघताहेत ना, हे एकदा डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघून घ्यायची. तिच्या त्या पुसण्यासाठी मी गाडी विकली नाही, असं मी नवऱ्याला सांगायची. ते खरंही होतं. पण मलाही ती गल्ली, त्या बायका, तो हॉर्न आवडायचा, हे मी कधी कबूल केलं नाही.

एका मे महिन्यात मी सुट्टीला तिच्याकडं गेले होते. एके दिवशी सकाळी तिला धाप लागली. अशी धाप पूर्वीही लागायची, पण या वेळी ओठ निळसर दिसायला लागले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "बेळगावला न्या. ऑक्सिजन लावावा लागेल. वेळ काढू नका." कंपाउंडरनं विचारलं, टॅक्सी बोलावू का. मी म्हटलं, गाडी आहे की माझी.

तवंदीचा घाट गाडी चढली. संकेश्वर मागं पडलं. आडवं झालं की आईचा श्वास कोंडायचा, म्हणून ती मागच्या सीटवर ताठ बसून माझ्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून होती. तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. तो माझ्या कानामागं, अगदी जवळ होता. पण हत्तरगी सोडल्यावर इंजिनात काहीतरी अडखळल्यासारखं झालं, आणि खरं सांगते, तिथून पुढं मी आईचा श्वास ऐकलाच नाही. मी फक्त इंजिन ऐकत होते.

वंटमुरीच्या चढावर गाडीनं दोन आचके दिले आणि ती थांबली. पेट्रोलचा भपकारा आला. मी मागच्या चाकांना दगड लावले, बॉनेट उघडलं. पंप पेट्रोलनं ओला. पडदा फाटला होता. मला कामाची माहिती होती. मेस्त्रीचं बघून बघून शिकले होते. शेवटचा पडदा आहे आपल्याकडं, असं मी मोठ्यानं म्हटलं, आईला धीर यावा म्हणून. डबा उघडला, पडदा बाहेर काढला आणि बसवण्यासाठी जरासा वाकवला. तो पापडासारखा मोडला.

मी तो तसाच हातात धरून उभी राहिले. ऊन डोक्यावर, रस्ता मोकळा. आई कशीबशी पुढच्या सीटवर येऊन, दारातून पाय बाहेर सोडून, मान पुढं काढून श्वास ओढत होती. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण शब्दाला पुरेल एवढा वारा तिच्याकडं नव्हता. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात भाजीचा टेंपो आला. मी रस्त्याच्या मधे उभी राहिले. ड्रायव्हर चाळिशीचा, एकटाच होता. आईकडं बघताच त्यानं पुढचं दार उघडलं. "बसा की आक्का, दोघीबी बसा. जागा हाय."

जागा होती. हे मला नीट आठवतं. आईला मधे बसवून मी कडेला मावले असते. पण घाटात टाकलेली गाडी सकाळपर्यंत सोलून नेतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या कुठल्याही गाडीचं चाक, काच, बॅटरी पुन्हा विकत मिळते. हिचं काहीच मिळणार नव्हतं. मी ड्रायव्हरला दवाखान्याचा पत्ता दिला, मेस्त्रीसाठी निरोप दिला आणि म्हणाले, "तुम्ही न्या हिला. मी मागोमाग येतेच."

आईनं माझं मनगट धरलं. धाप लागलेल्या माणसाच्या हातात एवढी ताकद कुठून येते कोण जाणे. मी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि दार लावलं. टेंपो वळणाआड गेला, आणि मी गाडीच्या सावलीत बसले.

अडीच-तीन तास बसले. प्रत्येक ट्रक थांबतोय असं वाटायचं. ती गेली असेल का, हा विचार आला की मी उठून गाडीभोवती फेरी मारायची, काचा वर आहेत का बघायची. मेस्त्री पेट्रोलचा डबा आणि नळी घेऊन आला. डबा टपावर बांधून त्यानं नळीनं पेट्रोल खाली सोडलं, पंपाशिवाय. गाडी सुरू झाल्यावर त्यानं विचारलं, "आणि म्हातारी?"

"पुढं पाठवली."

"एकलीच?" एवढंच म्हणून तो गाडीत बसला.

दवाखान्याच्या दारात तो भाजीचा टेंपो उभा होता. मेथी, कोथिंबीर उन्हानं पार मान टाकून पडली होती. आत आईच्या नाकावर मास्क होता, डोळे मिटलेले होते, छाती हळूहळू हलत होती. पलंगाशेजारी स्टुलावर तो ड्रायव्हर बसला होता. आईनं त्याचं मनगट धरलं होतं.

मला बघून तो उठला. "सोडंना झालती," तो जरासा ओशाळून म्हणाला. "मग म्हटलं, बसू या." त्यानं तिची बोटं सोडवली नव्हती. ती झोपेत आपोआप सैल पडायची वाट बघत तो बसला होता. त्याच्या भाजीचं काय झालं हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

आई वाचली. आठवड्यानं तिला घरी सोडलं. त्या सकाळी मी गाडी दवाखान्याच्या पायरीला लावली. मेस्त्रीनं कुठल्याशा दुसऱ्या गाडीचा पंप बसवला होता, आणि ती छान चालत होती. मी दार उघडून धरलं. आई पायरीवर थांबली. तिनं पदर हातात घेतला, पण बॉनेट पुसलं नाही, तोंड पुसलं.

"मी बसनं जाईन गं," ती म्हणाली.

"आई, आता काही होत नाही. सगळं नीट केलंय."

"तसं न्हवं." तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी टोमणा शोधत होते, तिच्या चेहऱ्यावर, आवाजात, आणि तो कुठंच नव्हता. मला त्रास नको, एवढंच तिच्या मनात होतं. "वाटंत परत बंद पडली तर तुला हिच्यापाशी थांबाय लागंल. मी आपली बसनंच जाईन."