वहिनीची दुसरी फी

माझी वहिनी कित्येक वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळत होती, पण कागदोपत्री हंगामी. यंदा वरून फतवा निघाला: वर्षअखेरपर्यंत परवाना परीक्षा पास व्हा, नाहीतर घरी बसा. परीक्षेची फी ऐकून माझा दादा भडकला. "शिकवायचं हिनेच आणि त्यासाठी पैसेही हिनेच मोजायचे?" मला तर ते आजही पटतं.

तरी फी भरली. वहिनीने जीव तोडून अभ्यास केला आणि अख्खा पेपर सुरेख लिहिला, लाल पेनने. मुलांच्या वह्या तपासून तपासून तिच्या पर्समध्ये दुसरं पेन उरलंच नव्हतं! पेपर बाद, फी पाण्यात. आम्ही हसून हसून लोळलो. ती मात्र न जेवताच झोपली, तेव्हा कुठे आमची तोंडं बंद झाली.

दुसरी फी आईने भरली, स्वतःच्या नव्या चष्म्यासाठी ठेवलेल्या पैशांतून. वहिनी नको नको म्हणाली, तशी आई उखडली. "मला दिसतंय तेवढं पुरे. तुझी नोकरी गेली तर दिवसभर घरात बसून मला शिस्त लावशील!"

परीक्षेच्या सकाळी आईने दारातच तिच्या पर्सची झडती घेतली आणि आत निळी पेनं कोंबली.

हॉलमध्ये शेजारची मुलगी पेपर बघताच रडायला लागली. वहिनीला कुठलं राहवतंय! वर्गातला आवाज सुटलाच. "डोळे पूस. पाठ ताठ. आधी सोपं लिही!" सगळा हॉल ताठ बसला. पर्यवेक्षकसुद्धा, असं ती शपथेवर सांगते. मग ते भानावर आले आणि गरजले, "बाई, आणखी एक शब्द बोललात तर पेपर काढून घेईन." वहिनीला आईचा चष्मा आठवला. उरलेला सगळा पेपर तिने डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवून लिहिला.

निकाल फोनवर आला तेव्हा ती वर्गातच होती. पास! आनंदाच्या भरात तिने मुलांना सांगून टाकलं, "आजपासून मी खरीखुरी शिक्षिका झाले!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या बाकावरची एक चिमुरडी तेवढी गोंधळली.

"मग बाई, मला वाचायला कोणी शिकवलं?"

घरी हे सांगताना वहिनी हसता हसता रडली. आईने पदराने स्वतःचेही डोळे पुसले.

"फी त्या पोरीला द्यायला हवी होती," ती म्हणाली.