बापाकडचं

माझी लेक मनी कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहिताना दर दहा ओळींनी मला सुपर म्हणते. म्हणजे मला आपलं तसं वाटायचं, कारण मी चौथी नापास सुतार.

"तुम्हाला नाही म्हणत, बाबा," ती म्हणाली. "क्लास म्हणजे प्रोग्रामचा साचा. वर बापाचा क्लास असतो, खाली लेकराचा. सुपर लिहिलं की बापाकडचं काम लेकराला वापरता येतं. बापाने प्रायव्हेट ठेवलेलं मात्र मिळत नाही."

"मग माझं अडाणीपण तेवढं प्रायव्हेट टाक," मी म्हणालो. हसलो खरा, पण आत टोचलं. माझ्याकडून घेण्यासारखं हिला होतं तरी काय?

तिचा प्रोग्राम सकाळपासून अडला होता. तिने मान तिरकी केली आणि एक डोळा मिटून ओळींवरून नजर सरकवली. फळी सरळ आहे का बघताना मी अगदी असाच बघतो. मी तिला हे कधी शिकवलं नव्हतं. आपलं काय काय पोरांच्या हाती लागतं, ते आपल्यालाच ठाऊक नसतं. माझे डोळे भरून आले, आणि भुसा गेला म्हणावं तर घरात भुसाही नव्हता.

"मने, हे तर माझं गं!"

"हो. आणि चूक सापडली," ती म्हणाली. "बापाच्याच क्लासमध्ये होती."