मलबा की राडारोडा

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. बुलढाण्याच्या आमच्या बांधकाम कचेरीत इंग्रजी अहवालांचं मराठी करायचं काम माझ्याकडे होतं. साहेब पुण्याकडचे. सरकारी मराठी शुद्धच हवी, असा त्यांचा आग्रह असे.

माझा मोठा भाऊ नांदुऱ्याला एका जिनिंगमध्ये कापूस तोलायच्या कामावर होता. हिवाळ्यातल्या एका दुपारी तिथली मागची भिंत पडली. निरोप मिळाला तसा मी मिळेल त्या मोटारीनं गेलो. हमाल हातांनीच विटा बाजूला करत होते. मी पुढे सरसावलो, तर त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं मला धरून कापसाच्या गाठीवर बसवलं.

"मलबा उचलून राह्यले ना सारे. तू बस बाप्पा."

मी बसलो. दिवस मावळता मावळता दादा सापडला. केसांत, पापण्यांवर सगळा चुना. वहिनीनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. मला रडू आलं नाही. घरी गेल्यावर येईल असं वाटलं. घरीही आलं नाही.

तेरावं उरकून मी कामावर हजर झालो. रजेच्या अर्जात भाऊ वारला एवढंच लिहिलं होतं, आणि कोणी जास्त विचारलं नाही. पुढे त्या भिंतीचा तपासणी अहवाल भाषांतरासाठी माझ्याच टेबलावर आला. 'डेब्रिस' हा शब्द त्यात जागोजाग होता. मी प्रत्येक ठिकाणी 'मलबा' लिहिलं आणि कागद साहेबांपुढे ठेवला.

"मलबा हिंदी झालं," ते म्हणाले. "राडारोडा लिहा."

"आमच्याकडे राडा म्हणजे चिखल समजतील, साहेब."

"मग ढिगारा?"

"ढिगारा ज्वारीचाही असतो."

हे मी अगदी शांतपणे बोलत होतो, एखाद्या मोरीच्या दुरुस्तीबद्दल बोलावं तसं. साहेब पुढचं वाचत गेले आणि एका ओळीवर थांबले. तिथं मृताचं नाव होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हे तुमचे कोण?"

"मोठा भाऊ."

त्यांनी कागद मिटून बाजूला ठेवले. मग म्हणाले, "दुसऱ्या कोणाला देतो हे काम."

"राहू द्या. होत आलंय."

मी जागेवर येऊन सगळीकडे 'राडारोडा' केलं. 'राडारोड्याखाली दबून मृत्यू' हे वाक्य व्याकरणात बरोबर आहे ना, तेवढं दोनदा पाहिलं. मग सही केली आणि चहा प्यायलो.

रविवारी नांदुऱ्याला वहिनीकडे गेलो. ती भाकरी करत होती. अहवाल आला, एवढं तिला सांगितलं.

"काय लिहिलं त्यात?"

"भिंत जुनी होती. ओल धरली होती. पडलेलं सगळं लवकर हलवावं, असं लिहिलंय."

"हलवलं तं कवाचंच," ती म्हणाली. "बैलगाड्यांनी नेलं, टेसनाच्या वाटेवरच्या खड्ड्यांत टाकलं. दळण आणाले मी तिथूनच जातो, भाऊजी."

 तिनं ताटात भाकरी वाढली. मी जेवलो.